फडताळाची कैफियत

स्वयंपाकघरातील फडताळ हे गृहस्थाच्या घरातील सर्वांत जुने औषधालय आणि सर्वांत जुने शृंगारगृह होय, आणि जेथे तसा शिरस्ता आहे तेथे ते पानगृहही होय, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु त्या फडताळातील कोणता जिन्नस कोणाच्या अंगाला लागावा, कोणता कोणाच्या पेल्यात उतरावा आणि या दोन्हींची मुखत्यारी कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न निघाला की शहाणीसुरती माणसेही दोन पक्षांत विभागली जातात. सावंतवाडी तालुक्यातील एका परिचित घरी वैशाखात लग्नघाई चालली असता असा एक वाद मला आद्यंत ऐकावयास मिळाला. त्यातील दोन्ही पक्ष आपापल्या जागी इतके समर्थ होते, आणि दोघांच्याही बोलण्यामागे घरातल्या लेकीबाळींविषयीची कळकळ इतकी उघड होती, की तो संवाद जमेल तितका तपशिलासह लिहून ठेवावा असे मला वाटले.

एका पक्षाला घरच्या आत्याबाई होत्या. वय ऐंशीच्या पुढचे, परंतु आमसुलांना आगळाची पुटे देण्याचे काम अजूनही त्यांच्या देखरेखीवाचून होत नाही. दुसऱ्या पक्षाला त्यांचे भाचे, औषधनिर्माणशास्त्राचे निवृत्त अध्यापक. निमित्त असे की, नवरीच्या मैत्रिणींनी दोन मागण्या पुढे केल्या होत्या: हळदीच्या दिवशी आत्याबाईंच्या हातचे उटणे हवे, आणि आदल्या संध्याकाळी मित्रमंडळींसाठी कोकमाच्या आगळात काजूची फेणी मिसळून पेय करण्याची मुभा हवी. आत्याबाईंनी पहिली मागणी तत्क्षणी मान्य केली आणि दुसरी तितक्याच तत्परतेने फेटाळली. अध्यापकांना दुसरीविषयी विशेष हरकत नव्हती, पहिलीविषयी मात्र गंभीर शंका होती.

आत्याबाई : उटण्याला हरकत घेणारा तू या घरातला पहिलाच पुरुष. मसुरीचे पीठ, आंबेहळद, नागरमोथा, वाळा, गव्हला कचोरा, सावलीत वाळवलेली संत्र्याची साल आणि चिमूटभर बावची. यातला एकही जिन्नस असा नाही की ज्याचे नाव घेताना माझी जीभ अडखळावी. आणि तुमच्या त्या नळीवरची बारीक नावे वाचायला तुझ्यासारख्या शिकलेल्यालाही चष्मा पुसावा लागतो. जे माझ्या आजेसासूने लावले, सासूने लावले, मी लावले, ते आज एकाएकी संशयित कसे झाले?

अध्यापक : आत्या, नाव ओळखीचे आहे एवढ्याने पदार्थ निरुपद्रवी ठरत नाही. कण्हेर आणि धोतरा हीसुद्धा आपल्याच तोंडची नावे आहेत, आणि दोन्ही आपल्याच परसात उगवतात.

आत्याबाई : म्हणून तर ती फडताळात नाहीत. कोणते घरात घ्यायचे आणि कोणते कुंपणापाशी ठेवायचे, याची निवड आमच्या आधीच्या बायकांनी करून ठेवली आहे, आणि त्या निवडीला साऱ्या जगापुढे मान्यता मिळालेली आहे. हळदीने जखम भरते या गोष्टीचा मक्ता अमेरिकेने १९९५ साली तिथल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला करून दिला, त्यानंतर आपल्या माशेल गावचे माशेलकर आपल्या देशाच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख झाले. त्या परिषदेने जुन्या ग्रंथांचे दाखले तिकडच्या दप्तरात रुजू केले आणि १९९७ साली तो मक्ता रद्द करवून घेतला. मी तेव्हा वर्तमानपत्रातले ते पान कापून ठेवले होते. ज्या हळदीची बाजू दिल्लीहून मांडली गेली, तिची बाजू मी माझ्याच घरात का मांडावी?

अध्यापक : तो निकाल मी वर्गात अनेक वर्षे शिकवला, आणि शिकवताना मलाही अभिमान वाटे. परंतु त्यात ठरले ते एवढेच, की ही गोष्ट नवी नाही, सबब तिच्यावर कोणा एकाची मालकी चालणार नाही. किती हळद, कोणत्या जखमेवर, किती दिवस, आणि कोणाला मुळीच नाही, यांपैकी कशाचाही निवाडा तिथे झाला नाही. जुनेपणाचा दाखला आणि गुणाचा दाखला हे दोन निरनिराळे कागद आहेत, आत्या; पहिला आपल्याजवळ पक्का आहे, दुसरा अनेक जिन्नसांच्या बाबतीत अजून अपुरा आहे. शिवाय तुमच्या सासूबाईंची हळद आणि बाजारातली हळद एकच समजू नका. पिवळा रंग खुलावा म्हणून हळदीत लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचे विषारी पिवळे चूर्ण, मिसळल्याचे वारंवार उघडकीस आले आहे, आणि हळकुंडांना चकाकी आणण्यासाठीही ते चोळले जाते.

आत्याबाई : तो व्यापाऱ्याचा अपराध झाला, हळदीचा नव्हे.

अध्यापक : मान्य. पण नवरीच्या गालाला अपराध कोणाचा हे कळत नाही.

येथवर अध्यापकांची बाजू मला सरस वाटत होती, आणि तिला बळकटी देणारा एक पुरावा त्याच वेळी माजघरात बसलेला होता. तीन दिवसांपूर्वी भर दुपारी नवरीच्या मावसबहिणीने अंगणातल्या पायरीवर बसून पाहुण्यांच्या सरबतासाठी पातेलेभर कागदी लिंबे पिळली होती. तिचा हात मी पाहिला : अंगठ्याच्या मुळापासून मनगटाच्या हाडापर्यंत, ज्या वाटेने रस ओघळला नेमक्या त्याच वाटेने, एक तांबूस रेघ उठली होती, तिच्या कडेला बारीक फोड होते, आणि तर्जनीच्या ज्या पेराखाली साल दाबली गेली तिथे भाजल्यासारखा तपकिरी डाग पडला होता. घरातल्या बायकांनी कढईचा चटका बसला असावा असा तर्क केला होता. मुलगी मात्र चुलीजवळ गेलेच नव्हते असे शपथेवर सांगत होती. अध्यापकांनी तिला हाक मारून जवळ बसवले.

अध्यापक : ही रेघ नीट पाहा. लिंबाच्या रसात, आणि त्याहून अधिक सालीच्या तेलात, फ्युरोकुमारिन वर्गातली द्रव्ये असतात. ती कातडीवर पडली असता सावलीत काहीच घडत नाही; परंतु वर ऊन पडले की उन्हातल्या अतिनील किरणांच्या योगाने ती त्वचेच्या पेशींना इजा करतात. खूण त्याच वेळी उमटत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उमटते, म्हणून कोणाला लिंबाचा संशयही येत नाही. मद्यगृहांत उघड्यावर लिंबे पिळणाऱ्यांच्या हातांवर हे डाग इतके परिचयाचे आहेत की परदेशी वैद्यांनी त्याला त्या पेयांवरून नावे दिली आहेत. फोड जातील, डाग आठवडेच्या आठवडे, कदाचित काही महिने राहील. आता विचार करा, गोरेपणाच्या आशेने हेच लिंबू चेहऱ्याला चोळून एखादी मुलगी बाजाराला निघाली तर? आणि आत्या, तुमच्या उटण्यातल्या बावचीतही याच वर्गातले द्रव्य आहे. तिच्यात सोरालेन असते. कोडावरचे ते जुने औषध आहे, आणि आजचे त्वचारोगतज्ज्ञही सोरालेन देऊन मग रोग्याला मोजूनमापून अतिनील किरणांपुढे उभे करतात. जे द्रव्य रुग्णालयात मिनिटे मोजून वापरतात, ते आपण चिमटीने वापरतो.

आत्याबाईंनी मुलीचा हात आपल्या मांडीवर घेतला, बराच वेळ न्याहाळला, आणि मग जे उत्तर दिले ते मला या साऱ्या वादाचा गाभा वाटते.

आत्याबाई : तुझे द्रव्य खरे असेल. पण तू उटण्याची यादी वाचलीस, उटण्याचा विधी वाचला नाहीस. नरकचतुर्दशीला आम्ही मुलांना केव्हा उठवत होतो? आकाशात तारे असताना. आधी तेल अंगात जिरवायचे, मग उटणे, मग बंबातल्या कढत पाण्याने न्हाणे. आणि सूर्य उगवायच्या आत सारे आटोपून मुले घरात फराळाला बसलेली. उटणे चोपडून भर दुपारी अंगणात बसलेले मूल मी जन्मात पाहिले नाही. बाळंतिणीला अंधाऱ्या न्हाणीघरात चोळत. नवरीला पडवीत किंवा माजघरात. तुम्ही ज्याला किरण म्हणता त्यांची नावे आम्हाला ठाऊक नव्हती, पण त्यांच्या वाटेत आम्ही कोणाला बसवतही नव्हतो. त्यात तेलाचा थर आधी, लेप नंतर. आणि लेप वाळून तडकायच्या आत धुऊन काढायचा, हा नियम. यातला एकेक नियम तुम्ही लोकांनी गावठी म्हणून टाकून दिलात आणि यादी तेवढी उचललीत.

अध्यापक : हे उत्तर मला सुचले नव्हते, आणि ते बव्हंशी खरे आहे. फक्त दोन गोष्टी जोडतो. धुतल्याने वरचे निघते. जे आत मुरले ते पुढचे काही तास जागे राहते. म्हणून पहाटेच्या स्नानानंतरही उन्हाला दूर ठेवणे आले. आणि दुसरे असे की, या घरातली हळद यंदा दारच्या मांडवात, वैशाखातल्या सकाळी दहा वाजता लागणार आहे, वर छायाचित्रकारांना उजेड हवा म्हणून मांडवाचे कापडही एका बाजूने उचललेले असणार. तुमच्या उटण्याची वेळ हाही तुमच्या उटण्याचाच एक जिन्नस होता; मुलींनी तुमच्याकडून जो कागद लिहून घेतला त्यावर तो जिन्नस नाही.

आत्याबाई : तर मग बावची यातून काढते. पण कारण मी सांगेन, तू नव्हे. तुझ्या तोंडून ऐकले तर मुली साऱ्या उटण्यालाच घाबरतील.

माझ्या मते परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी आणि तिची परीक्षा घेणाऱ्यांनी, दोघांनीही, या ठिकाणी थांबून विचार केला पाहिजे. घरगुती ज्ञान जेव्हा सासूकडून सुनेकडे हातोहात जात होते, तेव्हा पदार्थाबरोबर त्याचे प्रमाण, त्याची घटका आणि कोणासाठी तो वर्ज्य आहे याची ताकीद ही सारी एकत्र जात होती; ते ज्ञान कागदावर उतरले तेव्हा पदार्थांची नावे शिल्लक राहिली आणि बाकीचे बेमालूम गळून पडले. जे गळाले तेच अधिक मोलाचे होते. आत्याबाईंसारखी माणसे ते अजून सांगू शकतात, आणि त्यांना कोणी ते विचारत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

यानंतरचा काही काळ उभयपक्षी एकमताचा गेला, कारण आत्याबाईंनी फडताळातून मुठेल काढले. कोकणाबाहेरच्या वाचकासाठी सांगावयास हवे की रातांब्याची साल वाळवून आमसूल होते, तिच्या रसात मीठ घालून आगळ होते, आणि मागे राहिलेल्या बिया टाकून न देता त्यांचे तेल काढतात. बिया खडखडीत वाळवायच्या, फोलपटे काढून आतला गर कुटायचा, तो पाण्यात घालून मंद आचेवर बराच वेळ शिजवायचा. वर तवंग येतो, तो निवला की घट्ट होतो, आणि मग त्याचे मुठीत मावतील असे पांढुरके गोळे वळतात. हे तेल चाळीस अंशांच्या आसपास वितळते, त्यामुळे वैशाखातही फडताळात ते दगडासारखे राहते. आत्याबाईंनी पळी निखाऱ्यावर धरली, तीत गोळ्याचा एक कपचा टाकला, आणि त्याचे पाणी होताच ते आपल्या टाचेच्या भेगेत बोटाने भरले. भेगेत शिरताच ते पुन्हा थिजले आणि भेग लिंपली गेली.

अध्यापक : याला माझी यत्किंचितही हरकत नाही. यात पाणी नाही, म्हणून त्यात जंतू सहसा वाढत नाहीत. ते कातडीतले पाणी धरून ठेवते आणि भेग मऊ करते. पाणी, दही किंवा फळाचा गर घालून केलेला लेप मात्र त्याच दिवशी वापरावा आणि उरला तर टाकावा. मुठेलासारखीच गोष्ट खोबरेल तेलाची. मुंबईच्या दोन संशोधकांनी २००३ साली दाखवून दिले की सूर्यफुलाचे किंवा खनिज तेल केसाच्या वरवर राहते, पण खोबरेल तेल केसाच्या आत शिरते आणि धुण्या-विंचरण्यात केसातील प्रथिनांचा होणारा क्षय कमी करते. ते काम खोबरेल तेल विकणाऱ्याच एका कंपनीच्या प्रयोगशाळेत झाले, हेही सांगितले पाहिजे. तथापि त्यातील कारणमीमांसा सयुक्तिक आहे.

आत्याबाई : आणि चेहऱ्याला लिंबू नि खाण्याचा सोडा फासतात त्याचे?

अध्यापकांनी उत्तर न देता बशीत चमचाभर आगळ घेतले आणि त्यात चिमूटभर सोडा टाकला. फेस येऊन बसला, आणि तो माणकासारखा रंग पाहता पाहता जांभळट होत काळवंडला. आत्याबाईंना नवल वाटले नाही. चुना लावला की हळद लाल होते, आणि पूर्वी हळकुंडांना टाकणखाराची पुटे देऊन घरीच कुंकू करीत, हे त्यांनी लहानपणी पाहिले होते.

अध्यापक : मग तुम्हाला रसायन शिकवण्याचे कारण नाही. आपली कातडी वरून किंचित आंबट असते, आणि त्या आंबटपणावरच तिचे संरक्षण चालते. सोडा तो मोडतो. लिंबू इतके तीव्र आंबट आहे की तेही सोसवत नाही. एकाने झालेली जळजळ दुसऱ्याने शमवावी, असा खेळ चेहऱ्यावर खेळू नये.

मग पेयाचा विषय निघाला, आणि आत्याबाईंचा स्वर बदलला.

आत्याबाई : तुझ्या फेणीला मी या घरात जागा देणार नाही. ज्या ओट्यावर नैवेद्य शिजतो त्या ओट्यावर ती बाटली मला नको. आणि नुसता देवाधर्माचाच प्रश्न नाही. बांद्याच्या नाक्यावर गोवा बनावटीची दारू पकडली, ही बातमी आमच्याकडच्या वर्तमानपत्रात पावसाच्या बातमीसारखी नित्याची आहे. दिवसभर रातांबे फोडून बोटे सोललेली बाई रात्री नवऱ्याची वाट पाहत दारात बसते, हे मी माझ्या या खिडकीतून पाहिले आहे, आणि तिच्या पोरांना जेवू घातले आहे. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसे गेली, त्यांची घरे तुझ्या कोणत्या शास्त्राने उभी राहिली?

अध्यापक : ती माणसे मिथेनॉलने गेली, आत्या, कारखान्यातले विष स्वस्तात मिळते म्हणून दारूत ओतणाऱ्यांनी त्यांना मारले. तुमचा संताप योग्यच आहे, आणि घरी दारू गाळण्याला तर माझा तुमच्याहून कडक विरोध आहे, कायद्याचाही आहे. परंतु मी बोलतो ते मिसळण्याविषयी, आणि मिसळण्याची वहिवाट या किनाऱ्यावर फार जुनी आहे. १६३८ साली सुरतेला आलेल्या मांडेल्स्लो नावाच्या जर्मन प्रवाशाने मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर यांच्या पेयाची नोंद केली आहे. पुढे फ्रायर नावाच्या इंग्रज वैद्याने गोव्याच्या नेरूळची अरक या कामी उत्तम म्हणून लिहून ठेवले. आणि १६९४ सालचा मुंबई सरकारचा एक हुकूम असा आहे की, खानावळीत पंच नावाचे हे मिश्रपेय पिण्यास येणाऱ्याने गोव्याची चांगली अरक एक क्वार्ट, साखर अर्धा रत्तल आणि लिंबाचे पाणी अर्धा पाइंट मागून घ्यावे, आणि आपले पेय आपणच मिसळावे. म्हणजे माप ठरवून देणे हे तेव्हाही सरकारचे काम होते.

आत्याबाई : एक क्वार्ट म्हणजे?

अध्यापक : लिटरभर.

आत्याबाई : मग त्या सरकारला मापाचे ज्ञान होते, विवेकाचे नव्हते.

अध्यापक : त्यानंतरच्या सरकारने उलट टोक गाठले. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याची व्याख्या इतकी रुंद होती की मद्यार्क असलेली औषधे आणि अंगाला लावायची सुगंधी पाणीही तिच्यात सापडली. बलसारा नावाच्या मुंबईच्या नागरिकाने फिर्याद केली, तीत व्हिस्की-ब्रँडीबरोबर युडी कोलन आणि लॅव्हेंडर पाणी बाळगण्याचाही हक्क मागितला होता. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा मुख्यत्वे कायम ठेवला, पण औषधे आणि प्रसाधने यांना लागू होणारी कलमे रद्द केली. एका दप्तरात दारू आणि प्रसाधन एकत्र बांधलेली होती. न्यायालयाने ती सोडवली.

आत्याबाई : सरकारने ती एकत्र बांधली याचा अर्थ सरकारला हे ठाऊक होते की अंगाला लावायच्या नावाने आणलेले पोटात जाते. माझी शंका त्याहून वेगळी नाही. बरे, तुझ्या पेल्यात काय काय असणार ते सांग.

अध्यापक : तीस मिलिलिटर फेणी, दोन चमचे आगळ, चमचाभर साखरेचा पाक, भाजल्या जिऱ्याची पूड, चिमूट मीठ, उभी चिरलेली एक हिरवी मिरची आणि वर गार पाणी. फेणीच्या बाटलीवर तिची शक्ती छापलेली असते, शेकडा ४२.८, तेव्हा एका पेल्यात शुद्ध मद्यार्क दहा ग्रॅम पडतो. हा हिशेब मी डोळे झाकून देऊ शकतो. तुमच्या चिमूटभर बावचीत सोरालेन किती, ते मला प्रयोगशाळेतही सहज सांगता येणार नाही. म्हणूनच मी तिला अधिक भितो.

आत्याबाई : आणि मी तुझ्या आगळाला अधिक भिते. नुसती फेणी तोंडात धरली तर घसा आणि नाक दोन्ही मिळून माणसाला सावध करतात. तिचा वासच असा आहे की शेजारच्या घरी कळावे. तू तिच्यावर आंबट, गोड, जिरे आणि मिरची घालणार, म्हणजे जो पहारेकरी देवाने दिला त्यालाच झोपवणार. पहिल्यांदा पिणारी वीस वर्षांची पोर दोन पेले सरबत म्हणून संपवील, आणि तिला कळेल ते तिसऱ्यानंतर. तुझे दहा ग्रॅम बाटलीवर छापलेले आहेत. पोरीच्या जिभेवर ते छापलेले नाहीत.

या मुद्द्यावर अध्यापकांनी प्रतिवाद केला नाही, आणि मला वाटते तो करण्याजोगा नव्हताही. मद्याची तीव्रता लपवणे हाच अशा मिश्रपेयांचा गुण मानला जातो आणि तोच त्यांचा मोठा दोष आहे. घरी केलेल्या पेयात तर माप धरणारा आणि पिणारा बहुधा एकच असतो.

अध्यापक : तर मग तजवीज अशी करू. पेय तुम्ही करा, आगळाचे, फेणीवाचून, मोठ्या पातेल्यात, सर्वांसाठी. बाटली स्वयंपाकघरात येणार नाही; बाहेरच्या पडवीत माझ्याजवळ राहील, आणि ती गोव्याहून रीतसर परवान्याने आणलेली असेल. पंचवीस वर्षे पूर्ण झाल्याशिवाय कायद्याने तिला हात लावता येत नाही, तेव्हा त्याखालच्यांचा प्रश्नच नाही. ज्याला हवे त्याने पडवीत यावे, त्याला मी मापाने एकदा घालून देईन, आणि ज्याला गाडी चालवायची आहे त्याला मुळीच नाही. पातेल्यात कोणी ओतणार नाही.

आत्याबाई : पातेल्यावर मी बसेन. आणि उटण्याची तुझी परीक्षा कधी?

अध्यापक : आजच. नवरीच्या कोपराच्या आतल्या बाजूला बोटभर लावून ठेवू, दोन दिवस वाट पाहू. खाज, लाली काही न उठले तर मांडवात जाऊ द्या. आणि हळदीनंतर तिला तासभर तरी उन्हात उभी करू नका, छायाचित्रकार काहीही म्हणो.

आत्याबाईंनी उटण्याची चाळणी पुढे ओढली आणि बावचीची पुरचुंडी वेगळी काढून तिच्यावर दोरा गुंडाळला. ती त्या टाकून देणार असे अध्यापकांना वाटले असावे, म्हणून त्यांनी हात पुढे केला. परंतु आत्याबाईंनी ती फडताळाच्या वरच्या कप्प्यात, तिच्या ठरल्या जागी ठेवली.

अध्यापक : तिथे कशाला? दिवाळीला पुन्हा घालणार?

आत्याबाई : पहाटे चारला उठवते सगळ्यांना, मग घालीन. तुला पटले नाही तर आश्विनात ये आणि पुन्हा भांड.